सुगंधाबाईचा घण

सुगंधाबाई दिसायला काही खास नव्हती, हे आधीच सांगून टाकते. यावलकडच्या केळीच्या बागांत मजुरी करून आलेली, कमी बोलणारी बाई. एरंडोलजवळच्या दगडाच्या खदानीत आम्ही बरोबरच कामाला होतो. तिथे जोडीने काम चाले. नवरा घण मारी आणि बायको सुरुंगाच्या भोकात पहार धरून बसे, प्रत्येक घावाला ती थोडी फिरवी. घणाची मजुरी जास्त, पहारीची कमी. हात ठेचायचे ते मात्र पहारवालीचे. माझ्या नवऱ्याची, हिलालची, पहार मी लग्नापासून धरत आले होते.

नव्वद साली सुगंधाबाईचा नवरा चिंधा काविळीने गेला. तेरावं उरकून ती खदानीत परत आली, तर मुकादम छगन म्हणाला, "तुनी जोडी तुटनी. आते खडी फोड." खडीची मजुरी सगळ्यांत कमी, आणि हिच्या पदरात दोन पोरी.

"मी घण मारसू," ती म्हणाली.

"आनि पहार कोन धरी?"

खदानीतले बापे गडी हसले. बाईच्या घणाखाली हात कोण देणार? तेवढ्यात आमचा हिलाल उठला आणि मुकाट्याने पहारीशी जाऊन बसला. चिंधा त्याचा दोस्त होता, हे खरं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिचा हात बसेपर्यंत हिलाल रोज दुपारपर्यंत तिच्याकडे. तेवढा वेळ मी खडी फोडत बसायची आणि त्या दोघांवरून नजर हलवायची नाही. बायका कुजबुजायच्या, त्यांना वाटे मला सवतीची भीती आहे. तीही होती थोडी. पण खरं पोटात दुखत होतं ते वेगळंच. तिचा घाव नीट पडायचा. छगनला तिला घणाची मजुरी लावावी लागली. पुढे खडी फोडणारी लताबाई तिची पहार धरू लागली, दोघी बायांचीच जोडी झाली. आणि ही मला भेटली की गोड आवाजात "अक्का" म्हणायची. मी नाक मुरडून पुढे जायची.

हिलाल माझ्याकडे परतला, त्याच सकाळी मी त्याचा घण उचलला. जड होता, पण उचलला.

"आते तुम्ही धरा. मी मारसू."

"तुले काय गरज शे? मी शे ना."

"तिच्याकरता बसनात. मन्हाकरता काबर नही?"

सगळी खदान बघत होती. नाही म्हणायची सोय नव्हती. तो खाली बसला, पहार धरली आणि डोळे गच्च मिटून तोंड फिरवलं. सुगंधाबाईच्या घणाखाली त्याचे डोळे उघडे असायचे. खडीच्या ढिगावरून मी रोज बघितलं होतं.

"डोया काबर मिटतस?" मी विचारलं.

"तिले मन्हा राग नही व्हता," तो हळूच म्हणाला. "तुले शे."

खोटं नव्हतं ते, त्याच्यावर माझा राग होताच. मी नेम धरला आणि हाणला. घण पहारीच्या डोक्यावर बरोबर बसला. हिलालने पहार फिरवली, पण डोळे काही उघडले नाहीत.