शेवटची पंधरा मिनिटं

हे गेले त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. तेव्हा माझा देवावरचा विश्वास उडाला असं काही मला म्हणवत नाही, पण देवीशी बोलणं बंद झालं होतं, एवढं खरं. हार मात्र रोज होत होते. आमचं कामच फुलांचं. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला शेवंती आणि झेंडूचं वावर आहे. सकाळचा पहिला हार घरच्या देवीचा, मग बाजाराचे, ही सासूबाईंपासूनची पद्धत. तर हात चालायचे, आणि मन एकाच प्रश्नाला अडकून बसायचं. मेल्यावर माणूस आपल्या माणसाला भेटतो का हो? पोथीत शोधलं, कीर्तनकार महाराजांना विचारलं, सुनेच्या मोबाइललासुद्धा विचारून पाहिलं. उत्तरं सगळ्यांनी दिली, गळी एकही उतरलं नाही.

खरं सांगते, हा प्रश्न मला पोथीनं नाही, सिनेमानं लावला. महिन्यातून एकदा हे मला अमरावतीला तीनच्या खेळाला न्यायचे. प्रेम म्हणजे काय ते मी त्या टॉकीजच्या अंधारातच शिकले. पडद्यावरचा हिरो डोंगरावर हात पसरून गात असायचा, आणि आमचे हे शेंगा सोलून दाणे माझ्या तळहातावर ठेवायचे. टरफलं स्वतःच्या खिशात. पण खेळ सुटायचा सहाला आणि आमच्या गावची शेवटची एस.टी.ही सहाचीच. म्हणून पावणेसहा वाजले की हे उठायचेच. पुढं पळत जाऊन खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचे, दोन जागा धरायचे. मी मागून यायची, मान पडद्याकडे वळवून, लोकांचे पाय तुडवत, शिव्या खात. इतके सिनेमे पाहिले, शेवट एकाचाही नाही.

मग दोन-तीन दिवसांनी, मधे अमरावतीला फुलं विकून आले की, हार करताना हे आपणहून शेवट सांगायचे. नायक-नायिका हमखास भेटायचे. इथं नाही भेटले तर वर भेटायचे. मी म्हणायची, माझ्या आधी पळालेले तुम्ही, तुम्हाला कसा कळला? तर म्हणायचे, “मले मालूम आहे. तू दोरा वढ.” एखाद्या सिनेमाला मात्र मान हलवायचे, “याचा नाही मालूम.” मी समजायची, आज थाप सुचली नाही वाटतं.

आणि हाच माणूस शेवटी दवाखान्यात, धाप लागलेली असताना, मला म्हणाला, “मी पुढं होतो. जागा धरून ठेवतो. तू सावकाश ये.” किती गोड बोलले. पण मला तीन वर्षं तेच टोचत होतं. माझं मन राखायला यांनी आयुष्यभर शेवट रचून सांगितले. मग हाही रचलेलाच असेल ना?

परवाच्या थंडीत अकोल्याच्या मुलीनं मला मोतीबिंदूसाठी तिथल्या दवाखान्यात हट्टानं नेलं. तिथं डोळ्यांत औषध टाकतात आणि अर्धा तास डोळे मिटून बसवतात. बाकावर आम्ही सगळे म्हातारे मिटल्या डोळ्यांनी रांगेत, जसे काही ध्यानाला बसलोय. शेजारी तेल्हाऱ्याची एक बाई होती. ती घाबरून सारखी विचारत होती, लय दुखते का. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, तुला एक सिनेमा सांगते. नावाड्याचा. त्याची बायको पुरात वाहून जाते आणि तो काठावर वाट पाहत म्हातारा होतो. इथपर्यंत पाहिलेलं. पुढं म्हटलं, आता आमच्या घरचा शेवट ऐक. तो डोळे मिटतो, धुकं येतं आणि धुक्यातून त्याची बायकोच नाव घेऊन येते. त्याला बसवून नेते. हा आमच्या यांनी रचलेला बरं का.

मागून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, “रचेल नाही बाई. तसाच आहे तो. ते वल्हं त्याच्या हाती देते अन् म्हणते, लय उशीर केला.”

माझ्या अंगावर काटा आला. वल्ह्याचं मी बोललेच नव्हते. पण यांनी सांगितलं होतं, तेच, तस्संच.

त्यानं सांगितलं, तो अमरावतीला एका टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडायला होता. एक फुलवाला यायचा, रिकाम्या टोपलीला झेंडूचा वास. बाराचा खेळ सुटायच्या पंधरा मिनिटं आधी दाराशी उभं राहून पाहू दे म्हणायचा, बायकोला शेवट सांगायचाय. “म्या म्हणलं, मंग तिलेच आन ना. तं म्हणे, तिले कधी सांगजो नको बाप्पा. मी एकटा पाहून आलो हे समजलं तं पंधरा दिवस बोलाची नाही.” शेवट रडका असला की मान हलवत जायचा. हा घरी नाही सांगत, म्हणायचा.

मी रडत होते का हसत होते, मला कळेना. नर्सबाई ओरडल्या, आजी, औषध वाहून चाललं सगळं. पुन्हा थेंब टाकले आणि मला आत नेलं. डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आले, मुलीला म्हटलं, मागच्या बाकावरचे बुवा बघ. बाक रिकामा होता. त्याचं तोंड मी पाहिलं नाही, नाव विचारायचं राहून गेलं. तो कोण, त्याच दिवशी तिथंच कसा, मी खल करत नाही. यांनी वरचं काही पाहिलेलं नव्हतं, हेही मला समजतं. पण हा माणूस न पाहिलेला शेवट मला कधी सांगत नव्हता, एवढं मला कळलं, आणि माझ्या देवीनं ते माझे डोळे मिटवून दाखवलं.

घरी आल्यावर पहिला हार घातला आणि देवीशी तासभर बोलले. तीन वर्षांचं साचलेलं होतं. जागा धरलेली असली की माणूस गर्दीत धक्के देत नाही. तिच्या वेळेनं ती नेईल, मी निवांत आहे.

सिनेमे अजून पाहते, सून मोबाइलवर लावून देते. शेवटची पंधरा मिनिटं राहिली की मी म्हणते, बंद कर. ती विचारते, “आई, काहून? आता तं मजा येते.” मी म्हणते, राहू दे माय. माझ्यासाठी पाहणारा पुढं गेलेला आहे. सांगेल तो.