खांद्यावरचं डावं-उजवं

लांबच्या प्रवासात मोटारसायकलवर रस्ता दाखवायला काय लावावं, हा प्रश्न मला इतकी वर्षं पडलाच नाही. मागे बायको बसायची. हेल्मेट आणि वारा यांच्यात तिचं ओरडणं मला ऐकू येत नसे, म्हणून तिने बोटांची रीत काढली होती. डाव्या खांद्यावर दोन बोटं आपटली की डावीकडे, उजव्यावर आपटली की उजवीकडे. दोन्ही खांदे दाबले की थांबा. नकाशेवाले फोन आले तरी फोन तिच्या हातात आणि बोटं माझ्या खांद्यावरच. "त्या फोनातल्या बाईचं ऐकसान तं नदीत जासान," म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी ती आजारपणात गेली. बरेच महिने मी गाडीला हात लावला नाही. मग एकदा अमरावतीहून अकोल्याला निघालो आणि बडनेरा सोडल्यावर खांद्यावर बोटं पडली. दोन, अगदी तिच्यासारखी. बॅगेचा पट्टा हलला असेल म्हणून बॅग काढून टाकीवर बांधली. पुढच्या वळणाआधी पुन्हा पडली. अंगावर काटा आला, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलीने गाडीची किल्लीच लपवली असती.

यंदा मी कन्याकुमारीचा बेत केला आणि अकोल्यात राहणारी मुलगी हट्टाला पेटली. "एकटे जाऊन राहिले तुमी, बाबा. तुमचा ठिपका मले फोनवर दिसला पायजे, अन् हँडलवर चांगलं यंत्र पायजे." तिनेच मला अकोल्यातल्या दुकानात नेलं.

दुकानदार म्हणाला, "काका, हँडलवर फोन काहून लावता? आपल्याकडच्या उन्हात बंद पडते, हादऱ्यानं कॅमेरा जाते. हे घ्या. पाणी लागो, ऊन लागो, याले काही होत नाई. रेंज नसली तरी नकाशा दिसते."

तो दाखवेल त्या प्रत्येक वस्तूत मी खोड काढत बसलो. हेल्मेटमधला स्पीकर नको, कानात कुणी बडबडलेलं मला खपत नाही. तो छोटा गोल पडदा नको, त्यात बाण दिसतो, गाव दिसत नाही. खरं कारण वेगळंच होतं. यंत्र नीट चाललं तर बायकोला काय काम उरणार, याची मला धास्ती होती. पण मुलीचा चेहरा बघितला आणि दुकानदाराने पुढे केलेलं यंत्र हँडलवर लावून घेतलं.

परत अमरावतीला येताना मूर्तिजापूरचा फाटा आला. बायकोचं माहेर तिथलं. माहेरी कुणी उरलं नव्हतं तरी ती परतताना दरवेळी डावा खांदा ठोकायची आणि आम्ही गावात जाऊन चहा पिऊन यायचो. यंत्रावरचा बाण सरळ होता. डाव्या खांद्यावर बोटं पडली. मी सरळ गेलो. का गेलो, मलाही कळत नाही. नवी वस्तू कशी चालते ते बघायचं होतं, एवढंच असेल. बोटं पुन्हा पडली, या वेळी जोरात. मग काहीच नाही.

पुढचा पूल ओलांडला, एक गाव गेलं, वळणं आली. खांदा मोकळाच राहिला. गाडी वळवून फाट्यावर परत आलो, यंत्र बंद केलं, थांबलो. "चला, जाऊ गावात," मोठ्याने म्हणालो. बाजूने जाणारा ट्रॅक्टरवाला बघत राहिला. मागून बोटं आली नाहीत.

तरी गावात गेलो. नेहमीच्या ठिकाणी चहा सांगितला. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, मूर्तिजापुरात काहून थांबले? दिसून राहिलं मले."

"चहा पिऊन राहिलो."

"एकटेच ना? का कोनी भेटलं?"

मी गाडीच्या मागच्या सीटकडे बघितलं.

"एकटाच," मी म्हणालो. बायको गेल्यापासून हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला.