बिनशेपटाचा पाहुणा

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत सगळ्यांचे पाहुणे एस्टीने येतात. आभाळातून येणारा पाहुणा एकट्या माझ्या धाकट्या दिरांचा. फौजेतून पेन्शनीत येऊन फलटणजवळ ऊस लावणाऱ्या या माणसाचा जीव एका दगडावर जडला. तो दगड सूर्याभोवती फिरतो, पण चाल धूमकेतूची: लांब काळोखात निघून जायचं, वर्षानुवर्षं तोंड दाखवायचं नाही, आणि मग एकदा आपल्या अंगणाशेजारून जायचं. "शेपूट झडलेला धूमकेतू असंल, वैनी. म्हातारपण कुणाला चुकलंय?" असं ते उसाला पाणी देताना सांगत बसायचे, तोवर पाणी शेजाऱ्याच्या रानात. कुणाच्या लग्नात गेले तरी त्या दगडाची वाट बोटाने काढून दाखवायचे, तीही मी घातलेल्या रांगोळीत.

मागच्या खेपेला तो आला तेव्हा मी चाळिशीची. सुगरण म्हणून नाव मोठं होतं, अक्कल त्या मानाने बेताची. दिरांनी तीन दिवस खपून गच्चीवर दुर्बीण रोखून ठेवलेली. तिची सावली माझ्या कुरडयांवर पडत होती, म्हणून मी तिवई जराशी सरकवली आणि वर ओला पंचाही वाळत घातला. संध्याकाळी दिरांना काहीच दिसलं नाही.

"बोटभर तर सरकवली," मी ठसक्यात म्हटलं.

"वैनी, तुमचं बोटभर, तिथं लाखो कोस व्हत्यात," एवढंच म्हणाले आणि माझ्या अर्ध्या ओल्या कुरडया खात बसले.

यंदा तो परत आला. पुढची खेप आम्हा दोघांच्याही आयुष्यात बसणारी नाही. आणि दिरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रक्तातली साखर उतरेपर्यंत साताऱ्याचे डॉक्टर हात लावेनात.

"आता तुमीच बघा," ते म्हणाले.

दिवेलागणीनंतर मी गच्चीवर कशीबशी गुडघे टेकून बसले. खुणा त्यांना तोंडपाठ. ते सांगतील तशी केसाकेसाने दुर्बीण फिरवली.

"एवढ्यातला तुमचा कुठला, भावजी?"

"जो जागा सोडंल, त्यो आपला."

बऱ्याच वेळाने एक ठिपका शेजारच्या चांदणीपासून हळूच दूर झाला.

"दिसला," मी म्हटलं.

"कसा हाय?"

ओठावर आलेली थट्टा मी गिळली. "फिकट आहे. एकटाच आहे. पण घाई नाही त्याला. जेवण करून शतपावली घालावी, तसा चाललाय."

दीर भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. ठिपका सरकत सरकत कडेला पोचला आणि दिसेनासा झाला.

"गेला का, वैनी?"

"नाही अजून," मी म्हटलं, आणि तशीच दुर्बिणीला डोळा लावून बसून राहिले.