बरगड्यांचं काय करायचं

मुलगी आठवीत होती. दिवाळीत संध्याकाळी ती दारापुढं वाकून रांगोळी काढत होती आणि मी पणत्या घेऊन तिच्या मागं उभी होते. तिच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आलेली दिसली, आतून कुणी मूठ लावून ढकलल्यासारखी.

"सरळ बस बघू," मी म्हटलं.

"सरळच बसलेय की," ती म्हणाली.

एक्सरे काढला तेव्हा कळलं, कणा दोन ठिकाणी वळला होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्कोलिओसिस. दप्तराच्या ओझ्यानं किंवा पोक काढून बसल्यानं हे होत नाही, वाढीच्या वयात काही मुलींना होतं, असंही सांगितलं. वळण वाढू नये म्हणून प्लास्टिकचा कडक पट्टा दिला. काखेपासून कमरेपर्यंत. सोलापूरच्या उन्हाळ्यात लोकांना अंगावर सुती कपडा सहन होत नाही, तिथं ही पोर गणवेशाखाली तो पट्टा घालून शाळेत जायची. घामोळ्यांनी कंबर लाल व्हायची. संध्याकाळी मी पावडर लावताना ती दात आवळून उभी राहायची, पण चोरून पट्टा काढलाय असं एकदाही झालं नाही. मी स्वतः हायस्कुलात मराठी शिकवते, या वयाची मुलं काय काय चोरून करतात ते मला चांगलं माहीत आहे.

एवढं करूनही वळण वाढतच गेलं. ती दहावीत असताना इथल्या डॉक्टरांनी आम्हाला पुण्याच्या एका सर्जनकडे पाठवलं.

सर्जन शांत माणूस होता. कण्याच्या ऑपरेशनबद्दल त्यांनी शंका ठेवली नाही. "हे करावंच लागेल. नाहीतर वळण वाढत राहील आणि पुढं फुप्फुसांवर दाब येईल." कण्याला स्क्रू लावून, सळ्या बसवून तो सरळ करायचा. मग त्यांनी प्लास्टिकचा सांगाडा टेबलावर ओढला आणि बरगड्यांवर बोट ठेवलं. "कणा वळतो तशा बरगड्याही पिळल्या जातात. तिच्या पाठीवरचा उंचवटा बरगड्यांचा आहे. कणा सरळ केला की तो कमी होईल, पण जाणार नाही. तो घालवायचा असेल तर चार-पाच बरगड्यांचे छोटे तुकडे काढावे लागतात. टोकं पुढं आपोआप जुळून येतात."

"हे पण गरजेचं आहे का?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"नाही. हे दिसण्यासाठी आहे. आणि याचं दुखणं वेगळं असतं. श्वास घेताना, खोकताना, हसताना दुखतं. काही महिने श्वासाची ताकद कमी राहते. करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

मुलगी इतका वेळ सांगाड्याच्या बरगड्यांकडे बघत होती. आता तिनं विचारलं, "नंतर केलं तर चालतं का?"

"चालतं. पण पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन."

"केल्यावर 'उगाच केलं' असं कुणी म्हणालं का तुम्हाला?"

सर्जननी चष्मा काढला. "म्हणाल्या काही जणी. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त दुखलं म्हणून. आणि पाठ एकदम सपाट होईल अशी त्यांची समजूत होती. तशी ती होत नाही."

तिनं मान हलवली. मला आणि तिच्या अप्पांना हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

परतीच्या गाडीत मुलगी खिडकीला डोकं टेकून झोपली. तिचे अप्पा हळू आवाजात म्हणाले, "कण्याचं करू. बरगड्यांचं कशाला? दिसण्यासाठी हाडं कापायची म्हणजे लई झालं." मार्केट यार्डात त्यांचं भुसाराचं दुकान आहे. कोणताही निर्णय ते दोन वाक्यांत करतात. मलाही तेच वाटत होतं.

ती झोपली नव्हती, हे दोन दिवसांनी कळलं.

रविवारी अक्कलकोटहून नणंद आल्या. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, "करून टाका. उद्या पोरीला बघायला येतील तेव्हा काय सांगणार? पदर किती दिवस पाठीवर घेणार?" मुलगी भाजी निवडत होती. हातातली मेथी खाली ठेवून ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. जेवायला बाहेर आली ती अगदी शांत होती. अप्पांना म्हणाली, "अप्पा, तुम्ही नको म्हणता ते हाडं कापायला नको म्हणून. आत्या कर म्हणतात ते लग्नासाठी. मला अजून कुणी विचारलंच नाही."

नणंदांनी आमटी वाढून घेतली.

मग तिनं स्वतःच एक मार्ग काढला. इथल्या डॉक्टरांना फोन करून तिनं विचारलं, हे ऑपरेशन झालेली एखादी बाई भेटेल का. त्यांनी परवानगी घेऊन एकीचा पत्ता दिला. ती कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरीला होती, वय पस्तिशीचं. आम्ही दोघी पॅसेंजरनं गेलो. क्वार्टरच्या दारात तिनं आमचं स्वागत केलं, चहा टाकला आणि मुलीलाच म्हणाली, "तुझ्याएवढी होते मी. कण्याचं केलं, बरगड्यांचं न्हाय केलं. हात लाव, बघ."

ती पाठ करून बसली. मुलीनं जपून हात ठेवला. साडीच्या खालून उंचवटा स्पष्ट हाताला लागत होता.

"वाईट वाटतं का कधी?"

"पयल्यांदा वाटायचं. आता ध्यानातबी राहत न्हाय. मला सासरच्यांनी काय म्हटलं न्हाय, हापिसात कुणी काय म्हणत न्हाय. पण ते माझं झालं. तू माझं बघून ठरवू नको. ही पाठ माझी हाय, तुझी न्हाय."

येताना मला वाटलं, आता ही नको म्हणेल. माझ्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. एवढी समाधानी बाई डोळ्यांनी बघितल्यावर आणखी काय पाहिजे?

त्या रात्री जेवण झाल्यावर ती आमच्यासमोर येऊन बसली. "मला करायचंय," ती म्हणाली.

"अगं, त्या बाईचं ऐकलंस ना?" मी म्हटलं.

"ऐकलं. त्यांना त्याचं काही वाटत नाही, हे खरं आहे. मला वाटतं, हेही खरं आहे. आई, मी आठवीपासून शेवटच्या बाकावर बसते. मला बोर्ड नीट दिसत नाही तिथून. पण माझ्या मागं कुणी बसायला नको म्हणून बसते."

मी शिक्षिका. तिच्या शाळेच्या पालकसभेला दर वेळी जाणारी. शेवटच्या बाकाचं कारण उंची असावी, असं मी धरून चालले होते.

"पण दिसण्यासाठी एवढं दुखणं..." अप्पा म्हणाले.

"अप्पा, तुम्ही केसांना कलप लावता. तो तब्येतीसाठी लावता का?"

त्यांनी नकळत हात डोक्याकडे नेला. मग त्यांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. ते उठून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "दुखलं तर सांगायचं. लपवायचं न्हाय."

"सांगेन की."

बोर्डाची परीक्षा झाली आणि एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. ते कित्येक तास चाललं. त्याबद्दल मी फारसं लिहू शकत नाही. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून होते, एवढंच आठवतं. पण पुढचे दिवस लख्ख आठवतात. कण्याचं दुखणं ती सहन करत होती. बरगड्यांच्या दुखण्यानं मात्र तिला रडवलं. श्वास खोल घ्यायचा म्हटलं की चेहरा पांढरा पडायचा. फिजिओथेरपीची मुलगी रोज तीन चेंडूंचं ते यंत्र तोंडाशी धरायची, नळीतून श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. पहिले काही दिवस एकही चेंडू हलेना.

एका दुपारी ती म्हणाली, "आई, उगाच केलं मी हे."

मी तिचा हात धरून नुसती बसले.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "अप्पांना सांगितलंस तरी चालेल. पण त्यांना म्हणावं, कुणाला बोल लावू नका. मीच ठरवलं होतं. आज दुखतंय म्हणून म्हणतेय."

पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. मी चाळिशी ओलांडली तरी माझ्या निर्णयाचं दुखणं दुसऱ्याच्या खात्यावर टाकायची सवय मला सुटलेली नाही. आपल्या पोटच्या पोरीचा आदर वाटणं म्हणजे काय, हे मला त्या दुपारी समजलं.

हळूहळू एक चेंडू हलला, मग दुसरा. मे महिना तिनं घरी कूलरसमोर काढला. उशा तीन दिशांना लावून, कूस बदलताना अप्पांना हाक मारत. ते दुकान नोकरावर सोडून दुपारी घरी यायचे आणि तिच्याशेजारी पेपर वाचत बसायचे. ती हसेल आणि दुखेल म्हणून विनोद करायचे नाहीत. मग तीच करायची आणि स्वतःच कळवळायची.

पाठ अगदी सपाट झाली नाही. सर्जननी सांगितलं होतं तसंच झालं. पहिल्या तपासणीला त्यांनी विचारलं, "समाधान आहे का?"

"बरंचसं," ती म्हणाली. "पूर्ण नाही. पण मला माहीत होतं."

सर्जन आमच्याकडे बघून म्हणाले, "हिनं माझं सगळं ऐकलं होतं. सगळे ऐकत नाहीत."

श्रावणात नणंद पुन्हा आल्या. ती आता अकरावीला जात होती. नणंदांनी तिला जवळ बोलावलं, पाठीवरून वरवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "सरळ झाली की गं पोरगी. गेलं सगळं."

"नाही आत्या, थोडं राहिलंय," ती म्हणाली. तिनं त्यांचा हात धरला आणि उजव्या बाजूला, खांद्याच्या खाली, उरलेल्या उंचवट्यावर नेऊन ठेवला. "हितं. दाबून बघा, आता दुखत नाही."

नणंदांनी दाबून बघितलं. मग बराच वेळ त्यांनी हात तिथंच राहू दिला.