वानरांसाठी आणलेला लेझर

आमच्याकडे झाडावरचा हापूस आण्यांत मोजतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण पिकलेला. उतरवायचा तो चौदा आण्यांना. माझे यजमान खाली उभे राहून नुसता रंग आणि देठाजवळची खळी बघून ते ओळखत. "तो नको, बाराच आणे झालाय. पलीकडचा घे," म्हणाले की वरचा गडी आंबे काढायचा झेला तिकडे वळवी. हे सगळं एका डाव्या डोळ्यावर चाले. उजवा लहानपणी विटी लागून अधू झालेला.

धाकटे दीर मुंबईला नोकरीला. एका वर्षी आंब्याच्या दिवसांत ते हिरवा लेझर घेऊन आले. बॅटरीएवढाच, पण झोत पार डोंगरापर्यंत जाई. वानरांनी त्या वर्षी उच्छाद मांडला होता आणि त्यांना बुजवायला आम्ही फांद्यांना गाण्यांच्या जुन्या चकचकीत सीड्या टांगल्या होत्या.

"दादा, तुझ्या सीड्यांत वांदरं तोंड बघून भांग पाडतात," दीर म्हणाले.

पाडू देत, आंबे ठेवले म्हणजे झालं, असं मी म्हटलं.

लेझरच्या खोक्यात रंगीत काचांचा एकच चष्मा होता. तो घातला की वानर दिसेना, म्हणून तो खोक्यातच राहिला. वर इंग्रजीत बारीक अक्षरांत सूचना होत्या. कुणाच्या डोळ्यात मारू नये, एवढं आम्हालाही कळत होतं. डोळ्यात मारणार तरी कोण होतं?

तिन्हीसांजेला वानरं आली. यजमान झाडाखालून फांदी दाखवत होते, दीर झोत टाकत होते. झोत एका सीडीवर पडला आणि उलटून खाली आला. यजमानांनी डोळ्यावर हात धरला. दुखलं नाही. "तिरीप आली जरा," म्हणाले आणि वानरं गेली का ते विचारलं.

सकाळी त्यांनी हातात आंबा धरला आणि म्हणाले, "अगो, ह्याच्या मधोमध डाग आहे काय?"

डाग नव्हता. मी त्याच दिवशी त्यांना कोल्हापूरला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग भाजलाय. पापणी मिटायच्या आधीच हा प्रकाश काम करून जातो आणि आतल्या पडद्याला वेदना नसते. चकचकीत वस्तूवरून परतलेला झोतही तेवढाच वाईट. चष्मा त्याच रंगाच्या प्रकाशासाठी केलेला हवा, आणि तोही तिथे असलेल्या प्रत्येकाला. माणूस असो, वानर असो, जिवंत कशावरच तो रोखायचा नाही. ऑपरेशन नाही, औषध नाही.

"मग डोळा आता किती आणे राहिला?" यजमानांनी विचारलं.

डॉक्टरांना कळेना. मी समजावलं, तेव्हा ते म्हणाले, "कडा सगळ्या आहेत, काका. मधलं गेलं."

घरी आल्यावर मी सीड्या उतरवल्या, लेझरचे सेल काढून तो कपाटात कुलपात टाकला आणि शेजारच्या बागांत जाऊन सगळं सांगून आले. कुणीतरी करायला हवं होतं. दीर पायरीवर बसून होते. "तू काय मुद्दाम केलंस रे?" एवढंच यजमान त्यांना म्हणाले. पुढे दिरांचं येणं कमी झालं.

पुढच्या हंगामात यजमान पुन्हा झाडाखाली उभे राहिले. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बघत गड्यांना सांगत राहिले. पहिल्या पेट्या मुंबईला गेल्या आणि गिऱ्हाइकांनी कळवलं की आंबा कोवळाच उतरवलाय, पिकलाच नाही, सुरकुतला. त्यांनी वाद घातला नाही. त्याच महिन्यात बाग कराराने दिली. करार घेणाऱ्याला एकच अट घातली: वांदरांवर दिवा मारायचा नाही. खातील तेवढं खातील.

परवाच्या गणपतीत दीर आले. आरती झाल्यावर यजमानांच्या अगदी समोर बसले, विचारपूस करू लागले.

"जरा बाजूला सर रे," यजमान म्हणाले, "म्हणजे तोंड दिसेल तुझं."

दीर सरकले नाहीत. उठून मागच्या दाराला गेले. मी चहा तिकडेच नेऊन दिला.