वरचा कोरा कागद

इथे ओमानमध्ये, रुवीत माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. गणपती, लक्ष्मी, लग्नाचे फोटो, ओमानी लोकांची किल्ल्यांची चित्रं, सगळं मी काचेखाली घातलंय. त्यामुळे चित्रातलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

गेल्या महिन्यात मलेशियातली एक चिनी बाई आली, इथल्या इस्पितळात नर्स. तिच्याकडे पातळ कागदावर शाईने काढलेलं चित्र होतं. तळाशी बांबूच्या बेटापाशी चिनी पोशाखातली बाई, मांडीवर बाळ. "मदर मेरी," ती म्हणाली. मी दचकलोच. मेरी म्हणजे निळ्या ओढणीतली, गोरीपान, एवढंच मला ठाऊक. तिच्या वडिलांनी काढलेलं हे शेवटचं चित्र. ते वारले होते. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चची प्रार्थनाही तेव्हाच; त्या प्रार्थनेला हे चित्र चर्चला द्यायचं होतं.

चित्र सगळं तळाला आणि वर हातभर कोरा कागद. आमच्याकडे देवाची तसबीर कशी चौकटभर हवी. एवढी रिकामी जागा सोडली तर लोक म्हणतील, कारागिराला माप कळत नाही. मी शहाणपणा केला. न विचारता वरचा कागद कापला आणि सोनेरी पट्टी लावली. झकास दिसत होतं, खोटं कशाला बोलू?

गुरुवारी ती आली. फ्रेम बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"वरचा भाग कुठंय?"

"मॅडम, तो एम्प्टी होता. कट केला. खलास."

"एम्प्टी नव्हता," ती सावकाश इंग्रजीत म्हणाली. "चिनी चित्रात आकाश, धुकं कोरंच ठेवतात. माझे वडील म्हणायचे, देवालाही तसंच दाखवायचं. आई आणि बाळ त्याच्याकडे बघतायत."

मी पुन्हा पाहिलं. खरंच, दोघांच्या माना वर होत्या. आता त्यांच्या नजरा माझ्या सोनेरी पट्टीवर आपटत होत्या. तीस वर्षं हेच काम करतोय, आणि मान वर आहे एवढंही मला दिसू नये?

"तुकडा असेल ना?" तिने विचारलं.

होता, टेबलाखाली. मी घाईघाईने काढला आणि माझाच हात थांबला. सकाळी फोनवर एक गिऱ्हाईक मापं सांगत होतं, तेव्हा हाताला लागला तो कागद मी ओढला होता.

ती हात पुढे करून उभी होती. द्यावाच लागला. तिच्या वडिलांच्या देवावर, मधोमध, माझ्या अक्षरात बॉलपेनने लिहिलं होतं: अठरा बाय चोवीस, दोन नग, अर्जंट.