टाकीवर घातलेलं नाव

शहाडच्या गंगुबाई केण्यांच्या घरात नाव नसलेली वस्तू कोणी शोधून दाखवावी, खुशाल दाखवावी. पातेल्यावर, परातीवर नाव तर सगळ्यांच्याच घरी असतं हो. या बाईनं शिडीवर नाव घातलं, पाट्यावर आणि वरवंट्यावर वेगवेगळं छिन्नीनं घालून घेतलं, नवऱ्याच्या छत्रीचा दांडाही सोडला नाही. हेल्मेटवर ‘सौ. गंगुबाई दौलत केणे’ उमटलं तेव्हा दौलत वैतागून बोललेला, “आता मला हवालदारानं पकडलं तर पावती तुझ्या नावावर फाडेल.”

“फाडू दे,” गंगुबाई बोलली. “हेल्मेट तरी परत येईल.”

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. माहेरून आलेलं तांब्याचं घंगाळ तिनं एकदा गावातल्या हळदीला दिलेलं, ते परत आलंच नाही. पुढे दुसऱ्याच कोणाच्या हळदीत ते तिला दिसलं. पोचा तोच, कडी तीच. पण ती घरवाली कमरेवर हात ठेवून बोलली, “नाव हाय का त्याच्यावर?” आणि चारचौघींत गंगुबाईचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून कल्याणचा भांडीवाला आणि त्याचं ते किर्रर्र आवाज करणारं नाव घालायचं मशीन यांच्याशी तिचं नातं जुळलं ते जुळलंच.

दौलतचं काम पाण्यातलं. नदीकाठच्या पंपांच्या तोंडाशी प्लास्टिक, चिंध्या, जलपर्णी अडकली की त्याला बोलावणं यायचं. कोणाची चावी पडली, कोणाचा मोबाइल पडला, की दौलत. एकदा तर एका नवरदेवाची अंगठी फोटो काढताना पाण्यात गेली, ती यानं चिखलातून शोधून काढली आणि नवरीनं नवऱ्याऐवजी याच्याच पाया पडून घेतलं. हे सगळं एका दमावर. छाती भरून घ्यायची आणि बुडी मारायची. वय साठीला टेकलं, केस पिकले, गुडघे वाजायला लागले, तरी हा गडी आपला हाफ पँट चढवून तयार.

मग गेल्या वर्षी एका पंपाखालून तो वर आला तो ओठ काळेनिळे घेऊन. काठावर बसून किती तरी वेळ खोकत राहिला. एरवी जिभेला हाड नसलेली गंगुबाई त्या दिवशी ब्र बोलली नाही. चहा ठेवला, पुढ्यात आणून दिला आणि उठून गेली. पाण्याला कधी न घाबरलेला दौलत त्या गप्प बसण्याला मात्र घाबरला.

तो गप्पपणा फुकट नव्हता. मालवणला तिच्या बहिणीचा मुलगा बंटी पर्यटकांना समुद्रात बुड्या मारायला न्यायचा. त्याला जहाजावर नोकरी लागली तशी त्याच्या दोन जुन्या हवेच्या टाक्या गंगुबाईनं मागून घेतल्या. एक लोखंडाची, एक ॲल्युमिनियमची. त्याआधी मासे खायला म्हणून नवऱ्याला मालवणला नेलं आणि बंटीकडून टाकी पाठीला बांधून पाण्यात उतरायचं शिकायलाही लावलं. दौलत शिकला, पोरासारखा पटकन शिकला. पण घरी आल्यावर पुन्हा आडमुठेपणा सुरू.

“माझ्या बापानं कधी टाकी लावली? पाठीवर लोखंड बांधून कोण पाण्यात उतरतं का?”

त्यातून हवा भरून देणाऱ्यानं टाक्या हातात घेतल्या, गळ्याजवळचा तपासणीचा शिक्का बघितला आणि जागच्या जागी परत केल्या. तारीख कधीच उलटून गेलेली. ठाण्याच्या वागळे इस्टेटला टेस्ट करून नवा शिक्का मारून आणा, मगच भरतो, म्हणाला. दौलतला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जुन्यापान्या टाक्या, कुठल्या पास होतायत! तो ऐटीत बोलला, “चल, शर्त. दोन्ही पास झाल्या तर मी टाकीशिवाय पाण्यात पाय घालणार नाय. पण एक जरी नापास झाली, तर तू हा विषय जन्मात काढायचा नाय. कबूल?”

“कबूल,” गंगुबाई बोलली, आणि लगेच चपला घालून कल्याणला काही तरी कामाला निघून गेली. सोबत शेजारच्या काळुरामचा टेम्पो आणि दोन्ही टाक्या. कशाला, ते दौलतनं विचारलं नाही. बायकोच्या कामांची चौकशी त्यानं केव्हाच सोडून दिलेली.

दुसऱ्या दिवशी त्याच टेम्पोतून दोघं वागळे इस्टेटला निघाली. टाक्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या, गंगुबाई मागे त्यांना मिठी मारून बसलेली. सिग्नलला बाजूच्या रिक्षातून एकानं मान बाहेर काढली. “मावशी, गॅस मिळाला काय? आमचा नंबर लागत नाय हो!”

“हवा हाय, हवा!” गंगुबाई ओरडली. माणूस तोंड उघडं टाकून बघत राहिला. हवा अशी मिठी मारून नेताना त्यानं कोणाला पाहिलं नसावं.

टेस्टिंगच्या वर्कशॉपमध्ये दर्शना नावाची मुलगी भेटली. डोंबिवलीची, इंजिनिअर, बोलायला गोड पण कामात कडक. टाकी पाण्याच्या हौदात ठेवून आत जोरानं पाणी दाबायचं, ती किती फुगते आणि पुन्हा जागेवर येते की नाही ते बघायचं, असं तिनं समजावलं.

“हवेची टाकी नि पाण्यानं तपासता?” गंगुबाईला ते काही पटेना.

“काकू, हवेनं तपासली आणि फुटली तर तुम्ही, मी आणि हे छप्पर, तिघंही ठाण्याबाहेर जाऊ.”

“मग पाणीच बरं,” गंगुबाई घाईघाईनं बोलली.

“पण आधी बाहेरून बघायची,” असं म्हणत दर्शनानं लुगडं सोडलं, आणि तिचा हात तिथंच थांबला. टाकीच्या पोटावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, भांड्यावर घालतात तसं टपोऱ्या अक्षरांत नाव कोरलेलं. दुसऱ्या टाकीवरही तेच.

“हे कोणी केलं?”

“मी करून घेतलं,” गंगुबाई अभिमानानं बोलली. “वर्कशॉपमध्ये वस्तू बदलतात. मिक्सरचं भांडं असंच बदललेलं माझं. तुझ्यावर संशय नाय हो पोरी, पण आपलं नाव असलेलं बरं. ह्या लोखंडावर मशीन नुसतं घसरत होतं. पण ही ॲल्युमिनियमची! भांडीवाला बोलला, लोण्यासारखी कोरली जाते.”

दर्शनानं कपाळाला हात लावला. लोखंडाच्या टाकीवर फडका मारून तिनं नखानं चाचपलं. फक्त रंग खरवडला गेलेला. मग ॲल्युमिनियमच्या टाकीवर माप लावून बघितलं, पुन्हा बघितलं. “काकू, हिच्या अंगावर खोल चरे पडलेत. आत एवढा दाब असतो, तो अशाच ठिकाणी फोडून बाहेर येतो. ही गेली. मी हिला हात लावू शकत नाही. उलट कोणी चुकून भरू नये म्हणून भोक पाडून द्यावं लागेल.”

गंगुबाई मटकन खाली बसली. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे तिच्या तोंडावर सरळ दिसत होतं.

आणि दौलत? दौलतला आनंद मावेना. त्यानं मांडीवर थाप मारली. “हरलीस! बघ पोरी, आमची शर्त लागलेली. एक नापास झाली की मी जिंकलो. हिच्या नावाच्या वेडानंच हिचा घात केला! आता टाकीचं नाव नाय घ्यायचं गं, कळलं ना?”

गंगुबाईनं सुटलेलं लुगडं ओढून मांडीवर घेतलं.

“काका, जिंकलात खरं,” दर्शना टाकीवर वाकून वाचत बोलली, “पण कोरणाऱ्यानं चूकही केलीय. ‘सौ. गंगुबाई दौलत केणे, शहाड. सापडल्यास घरी आणून सोडावा.’ टाकी ना ही? ‘सोडावी’ पाहिजे. वेलांटीच्या जागी काना मारलाय.”

“चूक नाय ती,” गंगुबाई खालूनच बोलली. “त्यानं पण मला विचारलेलं. मी बोलले, सोडावाच घाल.”

“पण टाकी—”

“टाकी कोण शोधायला बसलंय!” तिचा आवाज चढला आणि तिथंच फुटला. “‘माझा माणूस’ असं आधी घालायचं होतं. अक्षरं बसेनात, म्हणून तेवढं गाळलं. पाण्याचा काय भरोसा? टाकी लावून पण काय बरंवाईट झालं, वाहत वाहत खाली दुर्गाडीच्या खाडीला जाऊन लागला, तर तिकडं ओळखतं कोण ह्यांना? पाठीवर टाकी असेल तर वाचतील तरी. घरी तरी आणतील.”

वर्कशॉपमधलं मशीन चालूच होतं. दौलतनं खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून ती ओळ स्वतः वाचली. भांड्यावर, शिडीवर, छत्रीवर तिनं घातलेलं एकही नाव त्यानं आजवर धड वाचलेलं नव्हतं. त्याला रडू आलं. लपवायला म्हणून तो खोकला, पण ते दर्शनालाही कळलं आणि गंगुबाईलाही.

“पोरी,” चष्मा काढत तो बोलला, “ती लोखंडाची घे टेस्टला. नीट बघ हां. नापास झाली तर नवी आणू आम्ही.”

“आणि शर्त?” दर्शनानं विचारलं.

“कसली शर्त?” दौलत तिच्यावर खेकसला. मग बायकोला हात देऊन उठवत बोलला, “शिक्का बसून येईपर्यंत पंपवाल्यांचे फोन तू घे. सांग, केणे आजारी हाय.”

गंगुबाईनं पदरानं डोळे पुसले. “आजारी कशाला सांगू?” ती बोलली. “घरी हाय, असं सांगते.”